बिल्ला आत, माणूस बाहेर

"बाबा डॉक्टरांशी शेवटचं काय बोलले, तेवढं सांगा ना मावशी," मुलगी म्हणाली, आणि दवाखान्यातल्या आयामावशींच्या हातातली चादर अर्धवट घडीचीच राहिली.

मुलगी भांडायला आली असती तर एक वेळ परवडलं असतं. भांडणात मावशी कुणाला ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. पण ती हात जोडून विचारत होती. चौदा दिवसांपूर्वी तिचे वडील, सगळ्यांचे शिंपीकाका, याच दवाखान्यात बाकावर बसल्या-बसल्या गेले. ऑफिसातून तिला कागद मिळाला होता: तपासणीच्या खोलीत अकरा मिनिटं. निदान डॉक्टरांनी पाहिलं तरी, एवढ्यावर ती बिचारी दिवस काढत होती.

आणि ती अकरा मिनिटं मावशींनी बनवलेली होती.

दवाखान्यात बिल्ले आले वर्षापूर्वी. पेशंटच्या गळ्यात एक, नर्सच्या गळ्यात एक, मावशींच्याही. कोण कुठे आहे ते भिंतीवरच्या पडद्यावर ठिपक्यांनी दिसायचं, आणि कुठे किती मिनिटं होता त्याची नोंद ऑफिसात व्हायची. पेशंट बाहेर वीस मिनिटं ताटकळला की त्याचा ठिपका लाल, आणि लाल झाला की मॅनेजरची हाक. खोटं कशाला बोला, लोकांची सोय झाली होती. पण बावीस वर्षं पायाला भिंगरी लावून राबलेल्या मावशींनी त्या लाल रंगाचा धसका घेतला. मग त्यांनी युक्ती काढली. आत गर्दी असली की पेशंटचा बिल्ला मागून घ्यायचा आणि आतल्या टेबलावर नेऊन ठेवायचा. ठिपका हिरवा. कुणाचं काय जातंय?

त्या दिवशी शिंपीकाकांचा बिल्ला असाच आत गेला. छातीत भरून आल्यासारखं वाटतंय, असं ते म्हणाले होते. आत्ता घेते हं आत, असं मावशी म्हणाल्या, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून व्हीलचेअरचं बोलावणं आलं. मधे नर्स काकांना बघायला निघाली होती, पण पडद्यावर ठिपका आत दिसला, तशी परत फिरली. आत कापडी आडोशांमागे तीन खाटा, दोन डॉक्टर. जो तो समजला, दुसऱ्याने पाहिलं. मावशी खाली आल्या तेव्हा काकांची मान कलली होती. मावशींनी धावत जाऊन आधी बिल्ला आणला, काकांच्या गळ्यात घातला आणि मग डॉक्टरांना हाक मारली.

हे 'आधी' मावशींना झोपू देत नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. झाकली मूठ झाकलेली ठेवणं काही अवघड नव्हतं.

"ताई, डॉक्टरांनी त्यांना पाहिलंच नाही," मावशी म्हणाल्या. मग सगळंच सांगितलं, त्या 'आधी'सकट.

मुलीने हातातल्या कागदाची घडी घातली.

"म्हणजे शेवटचं तुमच्याशीच बोलले."

"हो."

"काय?"

"मला वरून बोलावणं आलं ना, तर म्हणाले, तुम्ही या जाऊन. माझी काही घाई नाही."

"बाबा असेच होते," मुलगी म्हणाली. "कुठल्या बाकावर?"

मावशींनी हात केला. त्या बाकावर एक म्हातारा पेशंट बसला होता. मुलगी तिथे गेली, पण त्याला उठा म्हणाली नाही. तो आपणहून उठेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तिच्यापासून चार पावलांवर, चादर छातीशी धरून, मावशी.