पोचूच्या बायकोचा आकडा

रक्ताचा थेंब तांदळाच्या कणीएवढा होता. निशात सिस्टरने तो बुधरीच्या बोटावरून पातळ पट्टीवर उचलला, पट्टी खाटेशेजारच्या यंत्रात सरकवली, आणि स्टुलावर बसल्या बसल्या सोमाजी पुढे वाकला. यंत्र जेवणाच्या डब्याएवढंही नव्हतं. एवढंसं! जरा वेळात आकडा आला — चाळीस.

"हा चढला तर रक्त घट्ट होऊन राह्यलं समजायचं," सिस्टर पोचूला म्हणाली. "डेंग्यूत नसांतलं पाणी बाहेर झिरपते. मी येऊन येऊन पाहीन."

पोचूने मान हलवली. त्याला काही समजलं नव्हतं. त्याच्या थोरल्या भावाला, सोमाजीला, समजलं होतं... गेल्या वर्षी याच दवाखान्यात त्याच्या बायकोचं, आशाचं रक्त बाटलीत भरून जीपने जिल्ह्याला गेलं, आणि कागद आला तो तिला जाळून आल्याच्या दुसऱ्या दिवशी. एक वर्ष. हे यंत्र एक वर्ष आधी आलं असतं तर — पण पोचूचं सगळं असंच. घरात सायकल आली ती पोचूच्या शाळेच्या वेळेला, विहिरीला पाणी लागलं ते पोचूच्या वाट्यात, आणि आता हे.

दुपारी सिस्टर बायकांच्या दुसऱ्या खोलीत गेली. पोचूने बायकोच्या कपाळाला हात लावला आणि त्याचं तोंड उजळलं.

"भाऊ, ताप उतरला! नेतो हिले घरी. तिकडं धानाचा रोवणा अडून राह्यला. त्या सिस्टरले तं बोटं टोचायचा शौकच हाये."

"पोट लय दुखून राह्यलं," बुधरी पदराआडून पुटपुटली.

"दोन दिस जेवली नाई, दुखन नाई तं का! चाल, लच्छूचा ऑटो उभाच हाये."

सोमाजीला ठाऊक होतं, ताप उतरतो तेव्हाच हा रोग फसवतो. आशाचाही पाचव्या दिवशी उतरला होता. कागद येईल तेव्हा येईल म्हणून त्याने तिला घरी नेलं, हसत नेलं, वरणभात कालवून दिला. पोट दुखते म्हणाली, तर पडून राह्य म्हणालो, आणि मी धानाच्या बांधीत रोवणा बघायला गेलो... परत आलो तेव्हा तिचे पाय गार होते.

ने पोचू. मी पण नेली होती.

स्वतःची शिसारी यायला हवी होती, ती आली नाही. उलट बरं वाटलं, खाज सुटलेल्या जागी नख लागावं तसं.

पोचू थैली भरू लागला. चादर सरकली आणि बुधरीचे पाय बाहेर आले. भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने, भावसुनेला हात लावायचा नसतो. बारा वर्षांत सोमाजीने तिचं तोंडसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. चिखलाने भेगाळलेल्या टाचा, सैल झालेली जोडवी... त्याने हात पुढे केला आणि तळवा धरला. बुधरीने दचकून पाय ओढला, पण ओढायला ताकद नव्हती.

गार.

"पोचू, थैली ठेव."

"काऊन? अन् भाऊ, तू तिले हात —"

"ठेव म्हणतो ना! सिस्टरले बोलाव. आशाचे असेच होते."

या वेळी आकडा अठ्ठेचाळीस आला. सिस्टर पोचूला रागावलीही नाही, तेवढा वेळ नव्हता. डॉक्टर धावत आले, सलाईनचा वेग बदलला, दुसऱ्या हाताला सुई लागली. "तासाभराने पुन्हा पाहू," सिस्टर म्हणाली. "बरं झालं बोलावलं."

पोचू फरशीवर बसला आणि सोमाजीच्या गुडघ्याला डोकं लावून रडू लागला. "भाऊ, तू होता म्हणून..."

तू होता म्हणून. सोमाजीने त्याच्या केसांवर हात ठेवला, आणि सकाळपासून यंत्राभोवती घुटमळणारा हेवा सरळ त्या डोक्यावर येऊन बसला. पोचूजवळ सोमाजी होता. सोमाजीजवळ त्या दिवशी कोण होतं — थैली ठेव म्हणून ओरडणारं? आणि हे जे आपल्याला कळलं ते आशा देऊन कळलं, आणि ते असं पोचूच्या घरी गेलं, त्याला पत्ताही नाही...

तासाभराने पुन्हा टोचणार होते. आकडा उतरावा असं त्याला वाटत होतं, खरंच वाटत होतं. आणि तो उतरल्यावर पोचूच्या तोंडावर जे येईल ते आपल्याला बघवणार नाही, हेही त्याला दिसत होतं. बाहेर जाऊन बसावं, असं मनात आलं. तो उठला नाही.