नववं गाणं

सुई आठव्या गाण्याच्या टोकाला पोचली, खर्र करून आत सरकली आणि तिथंच गोल गोल फिरत राहिली. गॅरेजमधले तिघे म्हातारे नवव्या गाण्याची वाट पाहत बसले.

मिनिटभरानं आर्तुर श्टुम्पनं सुई उचलली. ही तबकडी त्यानं जर्मनीहून मांडीवर ठेवून आणली होती. विमानात तिच्यासाठी खिडकीची जागा तेवढी मागितली नव्हती.

"संपलं," तो म्हणाला.

"उलटी बाजू लाव," ओगाय म्हणाला.

"हीच उलटी बाजू."

तिसरा म्हातारा झाक्सिलिक. गॅरेज त्याचं, टेपरेकॉर्डर त्याचा आणि पंचाईतही त्याचीच. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तो टेपरेकॉर्डरचं हेड पुसू लागला. सकाळपासून त्यानं ते चौथ्यांदा पुसलं होतं.

कारागांदा या खाणींच्या शहरातल्या या गॅरेजात दर सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी जगातले दहा सर्वोत्तम रॉक अल्बम ठरत. यादी लोखंडी दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहिलेली असे. त्र्याऐंशी सालापासून या दारावर पुष्कळ थोर मंडळी चढली आणि टर्पेंटाइननं पुसली गेली. मध्यंतरी बसल्या जागी देश बदलला, नोटा बदलल्या, आर्तुर सहकुटुंब जर्मनीला गेला. पहिला नंबर मात्र हलला नाही. टिन कॅथेड्रल या इंग्रज बँडचा 'साल्ट रोड'. आणि तोही नवव्या गाण्याच्या जोरावर. ते गाणं ओळीच्या मधेच तुटायचं, कारण तिथं टेप संपायची. पुढे काय असेल, यावरून ओगाय आणि आर्तुर एकदा सात महिने एकमेकांशी बोलले नव्हते.

"म्हणजे आपल्या टेपवर नववं आलं कुठून?" ओगायनं विचारलं. खाणीत तीस वर्षं मोजणी केलेला माणूस. आकडा जुळला नाही की त्याला घाम फुटे.

"कुणास ठाऊक. पण टिन कॅथेड्रलचं नाही. आणखी सांगू? माझी सून इंग्रजी शिकवते. तिला ऐकवलं. म्हणाली, पप्पा, ही इंग्रजी नाही. म्हटलं, वेल्श असेल. म्हणाली, वेल्शही नाही. ही कुठलीच भाषा नाही."

"आणि माझं भाषांतर?" ओगाय ताडकन उठला. शहाऐंशी साली त्यानं त्या गाण्याचा अर्थ लावला होता: ढिगाऱ्याखाली अडकलेला खाणकामगार आईला हाक मारतोय. "आख्खी पाचवी खाण रडली होती रे त्यावर!"

"रडू दे. नियम काय? तबकडीवर असेल तेवढंच धरायचं. कुणी केला हा नियम?"

नियम ओगायनंच केला होता, अठ्ठ्याऐंशी साली, आर्तुरचा एक लाडका अल्बम पाडायला.

"आठ गाण्यांवर हा फार तर चौथा," आर्तुर म्हणाला. "झाके, टर्पेंटाइन दे."

झाके हे झाक्सिलिकचं मानाचं नाव. टर्पेंटाइनचा डबा झाकेच्या पायामागं होता. पाय काही हलेना.

एकोणऐंशी साली तो खाणकामगारांच्या सांस्कृतिक भवनात ध्वनियंत्रणा सांभाळायचा. शहरातला प्रत्येक 'साल्ट रोड' त्याच्याच हातची नक्कल होती. शेवटी अडीच मिनिटांची टेप उरली होती, आणि रिकामी टेप म्हणजे पाप. म्हणून त्यानं तिथं आपलंच एक गाणं घातलं. त्र्याऐंशीत ते पहिलं आलं तेव्हा सांगायला त्यानं तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात ओगाय म्हणाला होता, "असलं गाणं आपल्या मातीत होणे नाही. आपली माणसं लग्नात वाजवायला ठीक." झाकेनं तोंड मिटलं. तेव्हापासून दर वर्षी 'साल्ट रोड'ला तो लाजेकाजेस्तव दुसऱ्या नंबराचं मत देत आला होता.

"पुसण्याआधी एकदा ऐकू या," ओगाय म्हणाला.

टेप लागली. ते जुनं, दमेकरी सुरांचं वाद्य सुरू झालं आणि झाकेची बायको रौशन चहा आणि पिठाचे गोळे तळून केलेल्या बाउरसाकांचं ताट घेऊन आत आली.

"काय पुसताय?"

"नववं गाणं यादीतून काढतोय, वहिनी," आर्तुर म्हणाला.

रौशननं झाकेकडे पाहिलं. मग आर्तुरचा पियाला काठोकाठ भरून त्याच्यापुढे ठेवला. पाहुण्याला काठोकाठ चहा म्हणजे 'निघा आता', हे तीस वर्षं जर्मनीत काढूनही माणूस विसरत नाही. आर्तुरनं तो दोन्ही हातांनी उचलला, पण प्यायला नाही.

टेपवरचा गाणारा वर चढला, आणखी वर, आणि नेहमीच्या जागी कचकन तुटला.

रौशन ओगायचा चहा ओतत होती. गाणं तुटलं तिथून तिनं ते उचललं आणि ओतता ओतताच पुढं गायली. ओळ पुरी केली, खाली उतरली, शेवटचा सूर थोडा लांबवला आणि किटली खाली ठेवली.

टेपचं सुटलेलं टोक फटफटत होतं. कुणी टेपरेकॉर्डर बंद करेना.

"वहिनी," ओगाय म्हणाला, "पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच होतं. बाउरसाक घ्या, निवतायत."

"आणि ते वाद्य? मी म्हणायचो, चर्चमधला मोठा ऑर्गन."

"शाळेतला अकॉर्डियन. भात्याला भोक होतं, म्हणून उसासे टाकायचा. मीच वाजवलाय."

"शब्द?"

"शब्द याचे. इंग्रजी येत नव्हती, पण आव होता."

ओगाय वळला. "त्र्याऐंशी साली मी काय म्हणालो होतो, झाके?"

"लग्नात वाजवायला ठीक."

"आणि तू काय केलंस?"

"चहा प्यायलो."

ओगायनं दाराकडे पाहिलं. "पण नियम..." त्यानं सुरुवात केली.

"खड्ड्यात गेला तुझा नियम," आर्तुर म्हणाला आणि मतासाठी पहिला हात त्यानंच वर केला. दुसऱ्या हातात पियाला तसाच काठोकाठ होता.

तेव्हा कुठे झाकेनं पाय सरकवला. ओगायनं डबा उचलला आणि दारावरच्या पहिल्या दोन ओळी पुसल्या. मग ब्रश रंगात बुडवला.

"बँडचं नाव सांगा."

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. "अडीच मिनिटांचा बँड," झाके म्हणाला, "त्याला कसलं नाव? आधी तिचं लिही."

ओगायनं मोजणीच्या नकाशावर काढतात तशी कोरीव अक्षरं काढली. टिन कॅथेड्रलला मोठ्या मनानं दुसरी जागा दिली. आठ गाण्यांवर तशी ती जास्तच होती.

रौशननं चष्मा लावून दार वाचलं.

"हे दुसरे कोण?"

"इंग्रज आहेत," झाके म्हणाला.

"असू देत. बरे वाजवतात." आणि तिनं आर्तुरचा गार चहा बाहेर ओतून त्याचा पियाला पुन्हा भरला. या खेपेला अर्धाच.