मोठ्या बोअरची काळी-पिवळी

चुडामणची काळी-पिवळी जीप धुळे ते अमळनेर पळायची, पण भरल्याशिवाय जागची हलायची नाही. हा काही त्याच्या एकट्याचा हट्ट नव्हता. सगळ्या काळी-पिवळीवाल्यांचा तो कायदाच होता म्हणा ना. धुळ्याच्या स्टँडवर नंबर लागला की दार उघडून ओरडायचं, "चला अमळनेर, अमळनेर, निघाली, निघाली!" आणि निघायचं मात्र शेवटचं शीट बसल्यावर. शीट म्हणजे माणूस. बाहेर कुणी सरपंच असो की हेडमास्तर, जीपमध्ये तो एक शीटच. मांडीला मांडी लावून, पिशव्या डोक्यावर घेऊन लोक बसायचे, घामाने भिजायचे, आणि कुणी म्हातारी विचारायची, "भाऊ, कितला येळ?" की चुडामण तोंडातली बिडी न काढताच सांगायचा, "हे काय, दोनच शीट." ते दोन शीट यायला कधीकधी अर्धा पाऊण तास लागायचा. पण जाणार कुठे? एसटी दोन तासांनी एकदा यायची, तीही आली तर आली.

मग सरकारने एसटीत बायांना अर्धं तिकीट केलं. म्हाताऱ्यांना तर त्याआधीच फुकट झालं होतं. बसा आता बोंबलत! बाया काही एकट्या येत नाहीत. बाई बसमध्ये चढली की तिची पोरं चढतात, नवरा मागून चढतो, आणि म्हातारा सासरा तर आधीच जागा धरून बसलेला असतो. दोनेक महिन्यांत धुळ्याचा स्टँड निम्मा झाला. बन्सीलालनाना म्हणजे लाईनवरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, त्यांनी आपली जीप भंगारात घातली आणि नरडाण्याला एका कंपनीत वॉचमनची नोकरी धरली. जाताना म्हणाले, "चुडामण, आपलं पीठ सरनं. तू बी आवर." चुडामणला त्यांचा राग आला. माणूस हरला की शहाणपण शिकवतो, असं त्याचं मत.

त्याला खरं लागलं ते वच्छलाबाईचं. वच्छलाबाई बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव फिरणारी, कित्येक वर्षं त्याच्याच गाडीत पुढे बसून गेलेली. एका सकाळी ती त्याच्या जीपसमोरून चालत गेली आणि एसटीच्या रांगेत उभी राहिली. त्याने हाक मारली तर मागे वळून म्हणाली, "भाऊ, राग नको मानू." आता राग मानू नको म्हटल्यावर राग कुणाला येत नाही हो?

त्यात जीप जुनी. इंजिन धूर ओकायचं आणि नवलनगरच्या अलीकडच्या चढावर पार दमून जायचं. एक दिवस त्या चढावर मागून सात वाजेची बस आली, हॉर्न देत देत पुढे निघून गेली, आणि बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून टाटा केला. जीपमध्ये कसेबसे जमलेले चार शीट होते, ते फिदीफिदी हसले. चुडामणच्या मनात तो टाटा काट्यासारखा रुतून बसला. रात्री जेवताना, सकाळी दात घासताना, त्याला तो हात दिसायचा. आणि विचार करकरून त्याने जे काढलं ते असं: लोक बसमध्ये बसतात कारण बस पुढे जाते. जो फाट्यावर आधी पोचेल त्याचे शीट. म्हणजे आपल्या गाडीला दम पाहिजे.

आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! पण त्याला सांगणार कोण?

धुळ्यात इंजिन बोअर करणारा, म्हणजे पिस्टनची घासलेली भोकं कोरून देणारा ललित त्याच्या ओळखीचा. ब्लॉक उघडून ललितने आत बोट फिरवलं आणि सांगितलं, "भाऊ, घासलंय. ठरल्या मापाचं बोअर मारून देतो, पिस्टन एक नंबर मोठे टाकू. धूर जाईल. बास."

"बास नाही. सीसी वाढव," चुडामण म्हणाला.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? दम पाहिजे मला. मोठ्या गाडीचे पिस्टन बसव, क्रँकपण मोठी टाक. भांडं मोठं केलं तर जास्त शिजेल ना?"

ललितने त्याच्याकडे नीट बघितलं. भोक इतकं मोठं केलं तर भिंत पातळ होईल, इंजिन तापेल, डिझेल पिईल, हे त्याने सांगून पाहिलं. मग त्याने साधं विचारलं, "भाऊ, शीट तरी आहेत का तेवढे?"

"शीट येतील. तू भोक मार."

गिऱ्हाइकाला वेड लागलं असेल तर कारागिराने किती वेळा नाही म्हणायचं? ललितने काम घेतलं. मोठे पिस्टन जळगावहून मागवावे लागले, तिथल्या पिंप्राळ्यात एकाकडे तसा जुना सेट निघाला. आणि या सगळ्यासाठी चुडामणने घरची म्हैस विकली.

म्हैस पुष्पाबाईची होती. पुष्पाबाई म्हणजे चुडामणची बायको. पारडी असल्यापासून तिने वाढवलेली, गावात चार घरी रतीब चालू होता. ती दावणीजवळ उभी राहून एवढंच म्हणाली, "म्हैस रोज दूध देस. गाडी काय देस?"

"गाडी शे म्हनून घर शे," चुडामण म्हणाला आणि दावं सोडून घेऊन गेला. तिने रिकाम्या दावणीतला उरलेला कडबा गोळा करून शेजारणीला देऊन टाकला आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी बोलली, ते सांगण्यापुरतंच. अमळनेरला एका मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरायचं काम मिळालंय, गावातल्या बाया जातात, मीही जाते. जीप तेव्हा ललितकडे उघडी पडलेली. चुडामण म्हणाला, जा. कशाने जाते, किती वाजता पोचावं लागतं, हात जळजळतात का, त्याने काही विचारलं नाही. त्याच्या डोक्यात पिस्टन होते.

इंजिन तयार झालं तेव्हा मात्र, खरं सांगतो, गाडी गाडीच राहिली नव्हती. चावी मारल्याबरोबर जमीन थरथरावी असा आवाज. ललितने बजावलं होतं, पहिले काही दिवस सावकाश चालव, नवे पिस्टन बसू दे. चुडामणने ते दिवस कसेबसे काढले. मग एका सोमवारी तो सात वाजेच्या बसच्या मागेच स्टँडवरून निघाला, भरायची वाट न बघता, मागे दोनच शीट घेऊन, आणि नवलनगरच्या चढावर त्याने पाय दाबला.

काय गाडी गेली हो! बसच्या अंगाला अंग घासून पुढे. बसचा ड्रायव्हर बघतच राहिला. चुडामणने खिडकीतून हात काढला आणि लांबवर टाटा केला. मागचे दोन शीट जीव मुठीत धरून बसले होते, पण त्याला त्यांची पर्वा नव्हती. इतक्या महिन्यांनी त्याच्या छातीत गारवा आला होता. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, खोटं नाही.

आता रिकामी गाडी पळणारच, हे त्याला कुणी सांगावं? दोन शीट घेऊन तर बैलगाडीसुद्धा चढ चढते.

पुढचं त्याहून वाईट. फाट्यावर तो पहिला पोचायचा. दार उघडून ओरडायचा. तिथे आठ-दहा बाया उभ्या असायच्या आणि त्या त्याच्या डोक्यावरून, मागच्या रस्त्याकडे बघत राहायच्या, जणू तिथे जीप उभीच नाही. एखादा पुरुष बसायचा. मग चुडामण थांबायचा, अजून एक शीट येईल म्हणून. तेवढ्यात बस यायची, बाया चढायच्या, आणि आत बसलेला पुरुषही "भाऊ, रागे भरू नको" म्हणत उतरून बसमध्ये जायचा. पुन्हा चुडामणने पाय दाबायचा, पुन्हा बसच्या पुढे, पुन्हा पुढच्या फाट्यावर थांबायचं. जितका लवकर पोचला तितका जास्त वेळ उभा राहिला. एवढ्या मोठ्या इंजिनाने त्याला दुसरं काही दिलं नाही, फक्त थांबायला जास्त वेळ दिला. आणि डिझेल? ते तर गाडी नुसती उभी असतानाही ढोसत होती.

तरी त्याची अक्कल ठिकाणावर आली नाही. त्याला वाटायचं, चार दिवस जाऊ दे, लोकांना कळेल.

मग एके सकाळी तो स्वतःच्या गावच्या फाट्यावर बसच्या बराच आधी पोचला, आणि तिथे बायांच्या घोळक्यात हातात डबा घेऊन पुष्पाबाई उभी होती. आतापर्यंत हा घरचा फाटा तो न थांबताच मागे टाकायचा, म्हणून गाठ पडली नव्हती. क्षणभर त्याला उमगेना. मग उमगलं आणि कानशिलं तापली. ज्याची गाडी या रस्त्यावर पळते, त्याची बायको एसटीची वाट बघते! सगळ्या लाईनीला माहीत असणार, फक्त त्यालाच माहीत नव्हतं.

एक बाई हसून म्हणाली, "पुष्पाबाई, तुमनी गाडी उनी!" बाकीच्या पदर तोंडाला लावून खुदखुदल्या.

चुडामणने पुढचं दार ढकलून उघडलं. "बस," तो म्हणाला. पुष्पाबाईने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा बायांकडे. चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पाडावा अशी ती बाई नव्हती. ती चढली आणि डबा मांडीवर घेऊन बसली.

चुडामणला इतका आनंद झाला की काय सांगू. "बघ आता," तो म्हणाला, "एसटीच्या आधी पोचवतो तुला. नवलनगरचा चढ तर समजतच नाही. आवाज ऐक." त्याने गियर टाकला.

तेवढ्यात त्याला शेताच्या वाटेने एक माणूस येताना दिसला, खांद्याला पिशवी, लांब होता अजून. चुडामणचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"हाऊ एक शीट येऊ दे," तो म्हणाला.

माणूस सावकाश येत होता. चुडामणने खिडकीतून डोकं काढून बायांनाही हाक दिली, "चला, पुढे जागा शे, मागे बठ्ठी रिकामी शे!" एकही हलली नाही.

"चला ना," पुष्पाबाई हळूच म्हणाली. "माले साडेआठले गेटमा जानं शे. उशीर व्हयना का अर्धा रोज कापतस."

"हे काय, दोनच शीट," चुडामण म्हणाला.

हे शब्द त्याच्याच तोंडून बाहेर पडले आणि त्यालाच ऐकू आले. बायकोला म्हणाला तो हे! जीभ चावावी असं वाटलं त्याला. पण पाय ब्रेकवरून निघाला नाही. इतक्या वर्षांची सवय, ती काय पिस्टनसारखी बदलता येते? तो माणूस आता जवळ आला होता. आला, जीपकडे नुसतं पाहिलं आणि बायांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

मागून बस आली.

पुष्पाबाईने दार उघडलं. डबा घेऊन खाली उतरली. चुडामण म्हणाला, "थांब, निघालोच, निघालोच ना!" तिने दार हलकेच लावून घेतलं आणि खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"गाडी बेस शे तुमनी," ती म्हणाली. "पन निंघस कव्हय?"

आणि गाडी कधी निघणार हे ऐकायला न थांबता ती बसमध्ये चढली. बाया चढल्या, पिशवीवाला चढला. कंडक्टरने घंटी मारली, बस अर्धी रिकामी होती तरी लगेच निघून गेली.

इंजिन धडधडत होतं. मग त्याने पाय दाबला, असा दाबला की पुन्हा कधी उचलायचाच नाही. चढावर त्याने बस गाठली. शेजारून जाताना त्याने हॉर्न दाबून धरला आणि वर पाहिलं. खिडकीशी पुष्पाबाई बसली होती आणि कंडक्टरला पैसे देत होती. तिने खाली पाहिलं नाही. बसच्या ड्रायव्हरने या वेळी टाटा केला नाही, घाई असलेल्या माणसाला द्यावी तशी बस डावीकडे घेऊन वाट दिली.

त्यानंतर चुडामण कुठल्याही फाट्यावर थांबला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याची गाडी अशी न थांबता पळाली, आणि खरोखर कुणाच्याही बापाला गाठता आली नसती. अमळनेरला तो सगळ्यांच्या आधी पोचला. गाडीतून उतरायला कुणी नव्हतं.