पोकुआचा चेहरा

मंडपातल्या बायका "हुबेहूब, अगदी हुबेहूब" म्हणू लागल्या, बिरागोने काढलेलं चित्र पाहून. चित्रकाराला याहून गोड शब्द कुठला? पण बिरागोला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

चित्र पोकुआचं होतं. अठरा वर्षांपूर्वी पोकुआ तीन वर्षांच्या लेकीला बहिणीकडे ठेवून निघाली, वाळवंट ओलांडून लिबियात कामाला. वाटेतून एक निरोप आला आणि मग काहीच नाही. घराने वाट पाहिली, पाहिली, आणि या वर्षी नानांनी, म्हणजे पोकुआच्या मामांनी, घराण्याच्या प्रमुखांनी, सगळ्यांना बसवून सांगितलं, "पुरे झालं. पोरीला अशी वाटेत उभी ठेवायची नाही. तिचं कार्य करू, हाक मारू, घरी आणू." देह नव्हता, म्हणून देहाच्या जागी चित्र ठेवायचं ठरलं. घानातल्या कुमासी शहरात अशी चित्रं काढणाऱ्यांत बिरागोचं नाव होतं.

फोटो एकच मिळाला. कुणाच्या तरी बारशाचा. मागच्या रांगेत पोकुआ आणि तिच्यापुढे एक धिप्पाड बाई, डोक्याला भलंमोठं फडकं बांधलेली. त्या फडक्याआडून दिसत होतं ते पोकुआचं कपाळ, केसांची कड आणि डावा कान. बिरागोने तेवढा तुकडा एआयला दिला, सोबत लेकीचा, सारपोमाचा, फोटो दिला आणि उरलेला चेहरा मागितला. मिनिटभरात चार चेहरे आले. चार वेगळ्या बायका, कपाळ तेवढं एक. तिने त्यातली एक निवडली आणि तीन आठवडे जीव ओतून तेलरंगात रंगवली.

यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. फोनवरच्या आपल्या पानावर ती सगळं उघड सांगायची, यंत्र कुठे वापरलं आणि हात कुठे. या चित्राचंही तिने नावगाव न घेता सांगून टाकलं होतं, आणि हजारो लोकांनी तिच्या प्रामाणिकपणाची पाठ थोपटली होती. अनोळखी लोकांपुढे खरं बोलायला काय जातं? ज्या घरी चित्र द्यायचं, त्या घरी मात्र बाईची जीभ टाळूला चिकटली.

म्हणजे मागच्या शुक्रवारी चित्र पोचवायला गेली तेव्हा ती सांगणारच होती. पण सारपोमाने वरचं कापड काढलं आणि ती मटकन खाली बसली. "आठवली," ती म्हणाली. "मला माझी आई आठवली." एकवीस वर्षांची मुलगी, आणि रडत होती तीन वर्षांच्या पोरीसारखी. बिरागो समोर ठेवलेलं पाणी प्यायली आणि घरी निघून आली. भित्री कुठली.

आणि आज शनिवार. लाल-काळी वस्त्रं नेसलेली दीडदोनशे माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती आणि मधोमध फुलांच्या गराड्यात ते चित्र.

"ती खळी बघा!" फ्रेमामावशी म्हणाली. ही पोकुआची थोरली बहीण, सारपोमाला वाढवलं ते हिनेच. "बाजारात गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना हसायची ना, तेव्हा अश्शीच पडायची. डाव्या गालावर. मी विसरलेच होते गं!"

"आणि ते एका बाजूने ओठ मुडपणं?" शेजारीण म्हणाली.

"तेसुद्धा! अगदी अस्संच!"

खळी यंत्राने लेकीच्या फोटोतून उचलली होती. आलेल्या चार बायकांपैकी दोघींना होती, दोघींना नव्हती. ओठ तर तिने स्वतःच्या मनाने मुडपले होते, चेहरा फार सरळसोट वाटत होता म्हणून. पोकुआ कधी अशी हसली होती का, हे ना तिला ठाऊक होतं, ना यंत्राला. आणि इथे तर सगळ्यांना एकदम आठवू लागलं होतं.

नाना उठले. कुणीतरी त्यांच्या हातात जिन दारूची बाटली दिली. आता ते जमिनीवर धार सोडणार, पूर्वजांची नावं घेणार आणि चित्राकडे तोंड करून पोकुआला घरात बोलावणार. एरवी बिरागो या गोष्टींकडे रीतभात म्हणूनच पाहायची. पण आता तिच्या मनात एकच प्रश्न घुमायला लागला, की हाक मारायची पोकुआला आणि समोर चेहरा ठेवायचा भलत्याच बाईचा, तर मग येणार कोण?

ती उठली. नानांशी थेट बोलायची रीत नाही. बोलायचं ते येबोआशी. तो नानांच्या उजव्या हाताला उभा असतो आणि ऐकलेलं त्यांच्या कानावर घालतो.

"येबोआ, नानांना सांगा, हा चेहरा पोकुआचा नाही. एआयने बनवलेला आहे."

येबोआने तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला. कडू बोलणं गोड करून पोचवणं हेच त्याचं आयुष्यभराचं काम, आणि त्यात तो पटाईत होता. "नाना," तो मोठ्याने म्हणाला, "ही लेक म्हणते, आपली पोकुआ एवढी देखणी की एका माणसाच्या हातात मावेना. म्हणून तिने नव्या यंत्राचा हात धरला. काही उणं राहिलं असेल तर पदरात घ्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना हसले. "घेतलं, घेतलं."

"अहो, असं नव्हतं म्हणायचं मला!"

"पोरी, पोचलं ना? बस आता," येबोआ दातओठ खाऊन पुटपुटला. "भरल्या मंडपात शोभा करू नकोस."

बसली असती तर सुटली असती. मानाने जेवून घरी गेली असती, पुढची दहा कामं मिळाली असती. बाटलीचं बूच निघालं. बिरागोने पायातल्या चपला काढल्या आणि येबोआला ओलांडून ती पुढे गेली.

"नाना!"

"आईबापांनी काही शिकवलं की नाही हिला?" मागून कुणी तरी म्हणालं.

"नाना, कपाळ, केस आणि हा कान, एवढंच तुमच्या पोकुआचं आहे." तिने चित्रावर बोट ठेवलं. "बाकी कुणाचंच नाही. अशी बाई जगात कधी नव्हतीच. माझं चुकलं, मी आधी सांगायला हवं होतं."

सारपोमा जवळ आली. तिने हात पुढे केला, आणि बिरागोने फोन उघडून ते चार चेहरे दाखवले. सारपोमा कितीतरी वेळ ते एकामागून एक पाहत राहिली.

"मग हीच का निवडलीस?"

"तुझ्यासारखी दिसत होती म्हणून."

"आठ दिवस," सारपोमा हळूच म्हणाली, "रोज सकाळी उठून हिच्याशी बोलते मी. म्हणजे माझ्याशीच बोलत होते."

"खोटं बोलते ही!" फ्रेमामावशी ओरडली. "खळी होती! सख्खी बहीण मी, मला माहीत नाही?" मघाची शेजारीणसुद्धा खाली बघत होती.

"झाका ते," नाना म्हणाले.

सारपोमाने आपलं खांद्यावरचं काळं वस्त्र काढून चित्रावर टाकलं. कपाळ आणि कान तेवढे उघडे ठेवले.

"मोतीबिंदूने माझे दोन्ही डोळे गेलेत. मी काही ते चित्र पाहिलेलं नाही," नाना म्हणाले. "माझी पोकुआ माझ्याजवळ आहे तशीच आहे. मी हाक मारतो. तुम्ही सगळे डोळे मिटा आणि तिला समोर आणा." मग ते बिरागोच्या दिशेने वळले. "तू उभी राहा तिथेच."

धार जमिनीवर पडू लागली. नाना एकेक नाव घेत होते, येबोआ प्रत्येक नावाला साथ देत होता आणि दोनशे माणसं डोळे मिटून बसली होती. बिरागोने तेवढे मिटले नाहीत. आपल्याला तो हक्क नाही असं तिला वाटलं. म्हणून तिला फ्रेमामावशी दिसली.

मावशीने डोळे मिटले आणि लगेच उघडले. पुन्हा मिटले, तळहातांनी गच्च दाबून धरले, पुन्हा उघडले. मग ती खुर्चीवरून उठली, माणसांमधून धडपडत आली आणि तिने बिरागोचं मनगट धरलं.

"हीच दिसते गं," ती कुजबुजली. "कितीदा मिटले तरी हीच. खळीवाली. माझी बहीण कुठंय? अठरा वर्षं होती माझ्याजवळ. मागच्या शुक्रवारपर्यंत होती गं."