राखून ठेवलेलं नाव

सीलच्या कातड्यावरची चरबी खरवडता खरवडता आर्नारुकने सुरी खाली ठेवली आणि दुर्बीण उचलली. खिडकीतून गोठलेला समुद्र दिसत होता, आणि पार पलीकडे उघड्या पाण्याची काळी रेघ. तेवढा पट्टा भर हिवाळ्यातही गोठत नाही. वॉलरस आणि पांढरे देवमासे तिथेच गोळा होतात, आणि त्यांच्या पाठोपाठ शिकारी. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा मासाउना तिथे दबा धरून बसला होता, आणि त्याच्या पायाखालचा बर्फच तुटून निघाला. वाहत गेला तो गेलाच.

मागे सून इव्हालू तान्हीला घेऊन येरझाऱ्या घालत होती. पोर अकरा दिवसांची झाली, तरी तिला नाव नव्हतं.

"आई, घसा बसला हो हिचा. दूध घेत नाही, झोपत नाही. सगळं गाव म्हणतंय, पोर आपलं नाव मागतेय."

"गावाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला."

"मामंजींचं नाव द्या ना. नावाबरोबर माणूसही परत येतो."

"ते मेलेल्या माणसाचं देतात."

"दोन वर्षं झाली, आई."

"प्रवाह दक्षिणेला जातो. लागला असेल बर्फ कुठल्या तरी किनाऱ्याला. त्यांना कधी कसली घाई होती?"

दोन वर्षांत गावात तीन बाळंतिणींनी हे नाव मागितलं होतं. मुलगा असो की मुलगी, नावाला दोन्ही चालतात. आर्नारुकने तिघींना वाटेला लावलं. नाव दिलं की माणूस गेला, आणि तिला तर तो हवा होता, अजूनही, रोज.

इव्हालूने पोर सासूच्या मांडीवर ठेवली आणि पाण्यासाठी बर्फ फोडायला ती बाहेर गेली.

आर्नारुकने तान्हीला थोपटलं, झुलवलं, बोट चोखायला दिलं. रडून रडून पोर निळी पडली होती. आता तर नुसतं तोंड उघडत होतं, आवाज फुटत नव्हता. बराच वेळ ती त्या सुकलेल्या ओठांकडे बघत राहिली.

मग ती तान्हीच्या कानाशी वाकली.

"मासाउना," ती म्हणाली. नवऱ्याला अशी नावाने हाक तिने जन्मात मारली नव्हती. तिला रडू फुटलं. "अहो, किती उशीर केलात! आणि आलात ते असे, दात पाडून."

दार वाजलं. तिने वर पाहिलं नाही.

"चला, आधी दूध घ्या. सून थांबलीय केव्हाची."