कोनाचं होय?

बाबांच्या ओठाचा उजवा कोपरा सोलून निघाला होता. सोलणारी मीच.

लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून घास त्या बाजूनं बाहेर येतो, लाळ गळते. मी टिश्यूनं पुसायची. टिश्यू ओला झाला की फाटतो, दाढीच्या खुंटांना चिकटतो, मग खरडून काढावा लागतो. ओले वाइप्स आणले तर ते झोंबले. शेवटी बाबांनी तोंडच मिटलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात रेकॉर्डच्या खिडकीवर बसते. तिथल्या सुरुची मॅडमना हे सांगितलं, तर त्यांना हुरूपच आला. "अगं जया, कागद वापरतेसच कशाला? आम्ही घरातून टिश्यू बंदच केलेत. जुन्या चादरीचे रुमाल शिव, धू, परत वापर. झाडं वाचतात." आणि संध्याकाळी पिशवीभर जुन्या चादरी हातात दिल्या.

माझ्या आजीनं जन्मभर फडकं धुऊन धुऊन वापरलं. झाडं वाचवली म्हणून तिला कुणी शाबासकी दिली नाही. दरिद्री म्हणाले. पण बापाचा ओठ सोललेला असताना त्या रागाचं काय लोणचं घालू? पिशवी घेतली.

रविवारी सकाळी मशीन काढली. वीतभर चौकोन, दुपदरी. उलट्या बाजूनं शिवायचं, एका कडेला दोन बोटं फट ठेवायची, तिथून उलटवायचं आणि वरून टीप मारायची. म्हणजे दोरे निघत नाहीत. शेजारच्या रुखमाबाई, मी कामावर असते तेव्हा बाबांजवळ त्याच बसतात, दारातूनच ओरडल्या.

"काहून वं जया, दुकान टाकून राहिली काय?"

"बाबाचे रुमाल होय, मावशी."

"येवढे? बुढा होय का हत्ती?"

बाबा खाटेवरून हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले. मला वाटलं, जमलं.

वीस रुमाल झाले. मऊ खिचडी घेऊन बसले आणि एक रुमाल त्यांच्या हनुवटीखाली लावला. बाबांनी डाव्या हातानं तो उचलला, अंगठा आणि बोटात धरून चोळला. गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक दुकानात अडतीस वर्षं त्यांनी थान उलगडले आणि घड्या घातल्या. डोळे बांधून कापड द्या, भाव सांगतील.

"को…नाचं होय?"

"आपलंच होय, बाबा."

पुन्हा चोळला. "असं कापड… आपल्या घरी… आलं नाई कदी."

मी खिचडी कालवत राहिले.

"कोनाचं?"

"दवाखान्यातल्या मॅडमच्या जुन्या चादरी होय. दोनदा धुतल्या मी."

त्यांनी रुमाल खाली टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं.

माझं डोकं फिरलं. "नाकात नळी टाकतीन, बाबा! अन् तुमी कापड कोनाचं ते पाहून राहिले?"

मग ते बोलले. तुकड्यातुकड्यानं, लाळ गिळत. आजीच्या लहानपणी मढ्यावरचं कापड आमच्या वाट्याला यायचं. तेच घरी आणून अंगावर घालायचं. छप्पन साली आजीनं दीक्षा घेतली तेव्हा वर्षाचे बाबा तिच्या कडेवर होते. घरी परतून ती म्हणाली, फाटकं घालीन, पण माझं फाटकं घालीन. दुसऱ्याचं उतरलेलं या घरात कुणाच्या अंगाला लागणार नाही.

हे मी शंभरदा ऐकलं होतं. तरी पिशवी उचलून आणली. का, तर या वेळी उतरलेल्या कापडाला झाडांचं नाव होतं.

"मंग काय करू मी?" खाली पडलेला रुमाल मी उचलला.

बाबांनी कपाटाकडे बोट केलं. "पांढरा."

त्यांचा पांढरा सदरा. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर घालून जायचे. धुऊन धुऊन सायीसारखा झालेला.

"नाई बाबा. दसऱ्याले काय घालसान?"

"नवा घेजो. पयले… जेवू दे."

मी कात्री घेतली तशी त्यांनी मान हलवली. "कापू नको. फाड." दुकानातलीच रीत. कात्री वाकडी जाते, फाडलेलं कापड आपल्या सुतावर सरळ जातं. मी शिवण उसवून पाठ वेगळी केली, काठाला छोटी खाच दिली. एक टोक त्यांच्या डाव्या मुठीत, दुसरं माझ्या.

"ओढ वं."

फर्रर्र. सुतासारखं सरळ. बाबांची मूठ सुटली नाही.

एक रुमाल शिवून होईतो खिचडी गार झाली. गरम करून आणली. बाबांनी तोंड उघडलं. चौथा घास कोपऱ्यातून ओघळला. मी हात पुढे केला, तर त्यांनी रुमाल माझ्याकडून घेतला आणि स्वतःच पुसलं. मग तसाच ओठाला धरून ठेवला, बराच वेळ.

"अन् ते वीस?" मी विचारलं. "मॅडमले वापस करू?"

बाबांनी घास गिळला. अर्धं तोंड हसायला लागलं.

"गॅसच्या ओट्याले ठेव. अंगाले नाई… ओट्याले चालते. तेल लय उडवतं तू."

आणि वाटीकडे बोट केलं. अजून दे.