पाचवी कॉर्ड

विजयश्री दहा वर्षं चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडत होती. मूळची परभणीकडची, राहायला काळेवाडीत. चाळिशी गाठल्यावर तिने जुनी गिटार विकत घेतली आणि दर शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की पिंपरीत उद्धवरावांकडे शिकायला जाऊ लागली. उद्धवराव देहूरोडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवायचे.

प्रत्येक गाण्याची बोटं वेगळी असणार, अशी तिची समजूत होती. पन्नास गाणी यायला किती वर्षं लागतील, असं तिने भीतभीतच विचारलं. उद्धवरावांनी तिच्या हातातली गिटार घेतली. त्यांनी चार कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकदम वाजवायच्या बोटांच्या पकडी, धरल्या: जी, डी, ई मायनर आणि सी, आणि त्याच फिरवत आधी वरातीतलं एक गाणं म्हटलं, मग सिनेमातलं, मग गणपतीत सगळी पोरं नाचतात ते.

विजयश्री खुर्चीवरून उठलीच. “म्हणजे काका, इतकी वर्षं मी एकच गाणं ऐकत होते का?”

“चाल निराळी, आधार तोच. तू फक्त बोटं बदलायला शिक.”

मग तिला दुसरं काही सुचेना. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत जी वरून सी वर, सी वरून डी वर. बोटांची टोकं सुजली, मग टणक झाली. महिनाभरात बोटं न बघता जागेवर पडू लागली.

मग एका शनिवारी शिकवणीला जाताना कंपनीची बस मोशीच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकली. अर्धा तास झाला तरी बस जागची हलेना. बायकांनी तिला गिटार काढायला लावली. कुणी एक गाणं सांगायचं, विजयश्री दोन ओळी गुणगुणून पाहायची, की चारांतली एक कॉर्ड बरोबर लागायची. सहा गाणी झाली. आपण हे करतोय, यावर तिचाच विश्वास बसत नव्हता.

मागच्या सीटवर तानुबाई होत्या. मोशीच्याच, कंपनीत साफसफाईला. बसमध्ये कधी बोलायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, “माझं बी एक हाय. रेडिओवर लागायचं.”

त्यांनी जाडसर आवाजात सुरुवात केली. विजयश्रीची बोटं त्यांच्या आवाजामागे धावली. पहिली ओळ जमली, दुसरी जमली. तिसरीत आवाज एकदम खाली उतरला आणि चारही कॉर्ड तिथे बसेनात. सी जवळ जात होती, पण ती नव्हे. तिने हात उचलला, गिटारच्या लाकडावर नुसता ठेका धरला. बायकांनी टाळ्यांनी तो उचलला, आणि पुढच्या ओळीला तारा परत आल्या.

बस सुटली. मोशीचा थांबा आला, तरी तानुबाई उठल्या नाहीत. “कडवं व्हऊ दे,” त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. तो थांबला.

पिंपरीत विजयश्री जिना जवळजवळ पळतच चढली. चपला काढायच्या आधीच तिने उद्धवरावांना ती तिसरी ओळ म्हणून दाखवली.

“इथे काय लागतं, काका?”

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. “ए मायनर.” आणि तिची बोटं एकेक करून तारांवर ठेवली.

तिने तारा छेडल्या. तीच होती.